कुआला कांगसार ते व्हिक्टोरिया पूल: मलेशियातल्या गावांमधून गटाने सायकल सहल कशी आखावी

क्वालालंपूरला नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबं आणि पुण्या-मुंबईहून आठवडाभरासाठी येणारी मित्रमंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: उंच इमारती आणि मॉल बघून झाले, आता खरा मलेशिया कुठे बघायचा? माझं उत्तर ठरलेलं आहे. पेराक राज्यात कुआला कांगसारला जा, सायकली घ्या आणि पेराक नदीच्या काठाकाठाने गावं बघत जुन्या रेल्वे पुलापर्यंत जा.

अंतर फार नाही. कसा मार्ग आखता त्यानुसार पंचवीस ते पस्तीस किलोमीटर होतं, आणि चढ किरकोळ आहेत. पण अंतर थोडं दिसलं की लोक निवांत उठतात, साडेनऊला निघतात आणि अकरा वाजता उन्हाने गळून जातात. या सहलीची आखणी किलोमीटरवर करू नका, घड्याळावर करा. ऊन, दुपारचा पाऊस, शुक्रवारची नमाज, दुकानं उघडण्याची वेळ, सगळं घड्याळाशी बांधलेलं आहे. ते जमलं तर दहा वर्षांचं मूल आणि साठीतली मावशी दोघंही ही सहल आनंदाने करतात.

१. आधी पुलाची ओळख करून घ्या

व्हिक्टोरिया पूल कराई या गावाजवळ पेराक नदीवर आहे. बांधकाम डिसेंबर १८९७ मध्ये सुरू झालं आणि मार्च १९०० मध्ये संपलं. मलेशियातल्या सर्वांत जुन्या रेल्वे पुलांमध्ये त्याची गणना होते. वर लोखंडी कैच्यांचा सांगाडा, खाली विटांचे भक्कम खांब आणि एकच रेल्वेमार्ग, असं त्याचं रूप.

तो बांधला कथिलासाठी. पेराकच्या किंता खोऱ्यात, म्हणजे इपोहच्या परिसरात, आणि उत्तरेला ताइपिंगच्या बाजूला कथिलाच्या खाणी होत्या. या देशातली पहिली रेल्वे १८८५ साली धावली तीही ताइपिंगहून पोर्ट वेल्ड बंदरापर्यंत कथिल पोचवायलाच. पण ताइपिंग आणि इपोह यांच्यामध्ये पेराक नदी आडवी होती. ती ओलांडल्याशिवाय दोन्हीकडचे रूळ जोडता येत नव्हते, आणि ते काम या पुलाने केलं. पुढे शंभर वर्षं गाड्या त्याच्यावरून गेल्या. २००२ मध्ये शेजारीच काँक्रीटचा नवा रुंद पूल झाला आणि जुन्यावरची रेल्वे थांबली. आज त्यावरून पायी माणसं, सायकली आणि मोटारसायकली जातात. गावकऱ्यांसाठी तो रोजचा रस्ता आहे. आपण पाहुणे आहोत, हे तिथे सतत ध्यानात असू द्या.

निघण्याआधी एवढी माहिती गटातल्या सगळ्यांना सांगा. नाहीतर अर्धी मंडळी पुलावर पोचून 'आता पुढे काय' म्हणून बघत राहतात.

२. दिवस निवडा

शनिवार उत्तम. रविवारही चालेल. पेराकमध्ये शनिवार-रविवार सुट्टी असते. शुक्रवार टाळा, कारण दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमाराला जुम्म्याच्या नमाजेसाठी दुकानं आणि टपऱ्या बंद होतात, आणि नेमकी तीच तुमची जेवायची वेळ असते.

रमजानच्या महिन्यात जाऊ नका असं मी सांगेन. बंदी काहीच नाही, पण मलय गावात दिवसा खाण्या-पिण्याच्या टपऱ्या बंद असतात आणि उपास धरलेल्या माणसांसमोर घामाघूम होऊन पाणी ढोसणं बरं दिसत नाही.

पावसाचं म्हणाल तर इथे आपल्यासारखा चार महिन्यांचा पावसाळा नाही. वर्षभर कधीही पाऊस येतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दिवसांत दुपारनंतर विजांसह जोरदार सरी येतात. जून ते ऑगस्ट मला सगळ्यांत आवडतो: पाऊस त्या मानाने कमी, आणि रस्त्याकडेला डुरियान, रांबुतान, मांगुस्तीन या फळांचे ढीग लागलेले असतात. कोणत्याही महिन्यात जा, दुपारी एकच्या आत सायकलीवरून उतरलेले असा.

मलेशियात सूर्य उशिरा उगवतो. वर्षभर सात ते साडेसातच्या दरम्यान उजाडतं. भारतातून आलेले पाहुणे 'पाचला निघू, ऊन टाळू' म्हणतात, पण पाचला मिट्ट काळोख असतो आणि गावातल्या रस्त्यांवर दिवे मोजकेच. पावणेसातला तयार राहा, उजेड फुटला की निघा.

३. गट लहान ठेवा आणि कामं वाटून द्या

आठ ते दहा जण पुष्कळ झाले. त्याहून जास्त असाल तर दोन तुकड्या करा आणि दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडा. गावातले रस्ते अरुंद आहेत. वीस सायकली एकदम आल्या की समोरून शाळेच्या पोराला मागे बसवून येणाऱ्या बाईला स्कूटर गवतात उतरवावी लागते.

तीन कामं नेमून द्या:

- पुढचा माणूस: मार्ग त्याच्या फोनमध्ये. त्याच्या पुढे कुणी जायचं नाही, कितीही जोर आला तरी.
- शेवटचा माणूस: पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे. तो कुणालाही मागे टाकून पुढे जात नाही. गटातला सगळ्यांत शांत स्वभावाचा माणूस इथे हवा.
- खजिनदार: सुटे पैसे त्याच्याकडे. प्रत्येक टपरीवर दहा जणांनी दहा वेगळी बिलं मागायची नाहीत.

प्रत्येक वळणावर पुढच्याने थांबायचं आणि शेवटचा दिसला की मगच निघायचं. हा एक नियम पाळलात तर कुणी हरवत नाही. व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी आपलं ठिकाण चालू ठेवलंत तर उत्तमच.

४. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांसाठी:

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला.
- मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड. ते विमान उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचं असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते दलालाचं समजा.
- परतीचं तिकीट आणि राहण्याच्या ठिकाणाची पावती.
- प्रवास विमा. त्यात सायकलिंग धरलं आहे ना, ते वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसींमध्ये 'साहसी खेळ' या नावाखाली ते वगळलेलं असतं.

१ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे, त्यामुळे तिकीट काढण्याआधी ती चालू आहे का हे एकदा पाहून घ्या. मलेशियात नोकरीनिमित्त राहणाऱ्यांनी आपल्या पासचा पुरावा जवळ ठेवावा. सहलीत मूळ कागद प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून बॅगेत ठेवा, कारण घामाने आणि पावसाने कागद भिजतो. फोटो काढून फोनमध्येही ठेवा.

५. कुआला कांगसारला पोचणं आणि सायकलींची सोय

क्वालालंपूरहून रस्त्याने अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या केएल सेंट्रल स्टेशनहून ईटीएस नावाची विजेवरची वेगवान गाडी थेट कुआला कांगसारला जाते, साधारण तीन तास लागतात. तिकिटं रेल्वेच्या ॲपवर मिळतात. शनिवार-रविवार आणि सणांच्या आधी गाड्या भरतात, म्हणून दोन-तीन आठवडे आधी काढा.

सायकली मात्र गाडीतून न्यायच्या भानगडीत पडू नका. पूर्ण आकाराची सायकल ईटीएसमध्ये घेऊन जाण्यासारखी गोष्ट नाही. तीन रस्ते आहेत. पहिला, सायकल सहली घडवणाऱ्या मंडळींकडून सायकली, त्या वाहून आणणारी गाडी आणि वाटाड्या असं सगळं एकत्र घेणं. पहिल्यांदाच जात असाल तर हाच घ्या, पैसे वसूल होतात. दुसरा, क्वालालंपूरमध्ये सायकली भाड्याने घेऊन लहान टेम्पोतून आदल्या दिवशी पाठवणं. तिसरा, स्वतःच्या गाड्यांच्या मागे स्टँड लावून नेणं. त्यात गाडीची नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाणार नाहीत हे बघा.

आदल्या रात्री कुआला कांगसारमध्येच मुक्काम करा. पहाटे क्वालालंपूरहून निघून सकाळी सायकलवर बसणं कागदावर जमतं, पण पोचेपर्यंत साडेनऊ वाजतात आणि सगळं गणित तिथेच बिघडतं.

रेसिंगची सायकल नको. रुंद टायरची, गिअरची, सरळ बसता येईल अशी साधी सायकल हवी. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपली सायकल चालवून बघा: सीटची उंची, दोन्ही ब्रेक, गिअर पडतात का, टायरात हवा. भाड्याच्या सायकलीत ब्रेक ढिले असणं ही नेहमीची तक्रार आहे, आणि ती संध्याकाळी कळली तर पाच मिनिटांत मिटते.

६. सोबत काय घ्यायचं

प्रत्येकाकडे:

- हेल्मेट. यात तडजोड नाही.
- दोन लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन घोट घ्या.
- अंगाला चिकटणाऱ्या सायकलिंगच्या चड्डीवर घालायला सैल, गुडघा झाकणारी पँट.
- पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, टोपी, उन्हाचं मलम, डासांचं मलम. डेंगी इथे वर्षभर असतो.
- पातळ रेनकोट आणि फोनसाठी प्लास्टिकची पिशवी.
- पुढे पांढरा, मागे लाल दिवा.
- एक, पाच आणि दहा रिंगिटच्या नोटा. शहरात सगळं फोनवरून चालतं, पण गावातल्या आजीबाईंच्या केळ्याच्या भज्यांसाठी रोकड लागते.

गटाकडे मिळून: दोन जादा ट्यूब (सायकलींच्या चाकांच्या मापाच्या), हवेचा पंप, टायर काढायच्या पट्ट्या, ॲलन-की संच, चेनचं तेल, जुनं फडकं, प्रथमोपचार पेटी, शिट्टी. आणीबाणीचा क्रमांक ९९९, तो सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच भरून ठेवा.

७. मार्ग कसा आखायचा

व्हिक्टोरिया पूल ओलांडला की तुम्ही नदीच्या दुसऱ्या काठावर येता. म्हणून गेलेल्या वाटेनेच परत येण्याऐवजी एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने परतता येतं. मी सकाळी पूल आधी आणि सायोंगची, म्हणजे कुआला कांगसारच्या समोर नदीपलीकडची गावं नंतर, असाच क्रम ठेवतो. पुलावर सावलीचा तुकडाही नाही, आणि दहानंतर लोखंड तापतं. सायोंगमधली मातीकामाची दुकानं मात्र सकाळी लवकर उघडत नाहीत. दोन्ही गोष्टी या क्रमाने नीट बसतात.

नकाशात 'जांबातान विक्टोरिया' असं शोधा. सायकलीचा मार्ग दाखव म्हटलं तरी ॲप कधी कधी मोठ्या रस्त्यावर ढकलतं, म्हणून आदल्या रात्री बोटाने नकाशा मोठा करून गावातले बारीक रस्ते स्वतः निवडा आणि मार्ग फोनमध्ये साठवून ठेवा. दोन गोष्टी विसरू नका.

पहिली: टोल असलेल्या द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. चुकून त्याच्या फाट्यावर चढलात तर लगेच उतरून मागे फिरा.

दुसरी: इस्कंदर पूल. १९३२ साली सुलतान इस्कंदर यांच्या काळात झालेला हा लोखंडी कमानींचा पूल दिसायला फार देखणा आहे. पण तो राष्ट्रीय मार्ग क्रमांक एकवर आहे, आणि त्यावरून अवजड ट्रक जातात. मार्गात तो येत असेल तर एकामागे एक, मध्ये अंतर ठेवून, न थांबता ओलांडा. फोटो काठावरून काढा.

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. फरक रस्त्याच्या कडेला आहे. इथे पावसाच्या पाण्यासाठी रस्त्यालगत काँक्रीटची उघडी खोल गटारं असतात, आणि गवत वाढलं की ती दिसत नाहीत. मागून गाडी आली की आपण सवयीने डावीकडे सरकतो, तसं सरकू नका. कडेपासून हातभर आत चालवा, गाडीवाला थांबेल. या देशातले गावाकडचे वाहनचालक सायकलवाल्याशी समजुतीने वागतात.

गतिरोधक पुष्कळ आहेत आणि काही घराघरांनी स्वतः घातल्यासारखे उंच आहेत. पुढच्याने हात वर करून मागच्यांना खूण द्या. माकडं दिसली तर खाऊ बाहेर काढू नका. ओढ्याजवळ हातभर लांब घोरपड रस्ता ओलांडताना दिसेल, तिला जाऊ द्या. रबराच्या मळ्यांच्या आसपास कुत्री अंगावर येऊ शकतात. तेव्हा वेग वाढवू नका, उतरून सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा.

८. गावातून जाताना

मलय गावाला काम्पुंग म्हणतात. लाकडी खांबांवर उचललेली घरं, पुढे जिना, जिन्याशी काढून ठेवलेल्या चपला, अंगणात नारळ, केळी, सुपारी आणि फणस. कोकणातल्या माणसाला पहिल्या वळणावरच ओळखीचं वाटेल. घरांना कुंपणं कमी, त्यामुळे रस्ता कुठे संपतो आणि अंगण कुठे सुरू होतं ते कळत नाही. शंका आली तर सायकलवरून उतरा.

लोक हात करतात. तुम्हीही करा. वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाकचिक', बाईला 'माकचिक' म्हणा, बरोबरीच्याला 'आबांग', ताईला 'काक'. सकाळी 'सेलामत पागी', आणि कुणाच्या समोरून जायचं असेल तर उजवा हात थोडा खाली करून, किंचित वाकून 'तुम्पांग लालू' म्हणा. रस्ता चुकलात तर 'जांबातान विक्टोरिया दी माना?' एवढं पुरतं. उत्तर मलयमध्ये लांबलचक येईल, पण हाताची दिशा बघा.

हात मिळवण्याची घाई नको. बऱ्याच मलय बायका परपुरुषाशी हात मिळवत नाहीत. छातीवर उजवा हात ठेवून मान लववली की काम होतं. काही घ्यायचं-द्यायचं ते उजव्या हाताने. फोटो काढण्याआधी 'बोलेह?' असं विचारा, लहान मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. ड्रोन आणला असेल तर तो खोक्यातच राहू दे. त्यासाठी परवानगी लागते, आणि घरांवरून उडवणं लोकांना अजिबात आवडत नाही.

कुणी फळं दिली, पाणी दिलं तर घ्या, बसा, दोन मिनिटं बोला. या सहलीचा सगळ्यांत मोठा ऐवज तोच आहे. म्हणून वेळापत्रकात एक तास मोकळा ठेवा आणि तो कशाने भरू नका.

९. पुलावर

पूल अरुंद आहे. सायकलवरून उतरा आणि ढकलत न्या. मागून मोटारसायकल आली तर कठड्याला टेकून उभे राहा आणि तिला जाऊ द्या. पुलाच्या मधोमध गटाने फोटोसाठी अंगत-पंगत मांडून बसू नका. रोज ये-जा करणाऱ्यांना त्याचा मनस्ताप होतो.

मुलांचा हात धरा. रूळ आणि स्लीपर यांच्यावरून उड्या मारायला परवानगी देऊ नका: लाकूड जुनं आहे, ओलं असेल तर पाय सटकतो, आणि खाली पेराक नदी आहे, मातकट रंगाची, रुंद आणि वरून वाटते त्याहून जोरात वाहणारी.

मग मात्र थांबून नीट बघा. लोखंडी पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथले रिव्हेट बघा, एकेक हाताने ठोकलेला. काठावरून खाली वाकून विटांच्या खांबांकडे बघा. सव्वाशे वर्षांचे पूर अंगावर घेऊन ते उभे आहेत. रुळांमधलं अंतर मोजून बघा, एक मीटर भरेल. पूर्णा-अकोला भागातली जुनी गाडी आठवणाऱ्यांना मीटरगेज लगेच ओळखू येतं. मलेशियाची मुख्य रेल्वे आजही याच मापाची आहे, आणि त्याच मापाच्या रुळांवर शेजारच्या नव्या पुलावरून ईटीएस ताशी १४० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने धावते. आदल्या दिवशी गाडीच्या वेळा पाहून ठेवा. जुन्या पुलावर उभं राहून नव्यावरून गाडी जाताना बघणं मुलांना सगळ्यांत जास्त आवडतं.

नव्या पुलावर, त्याच्या रुळांकडे किंवा कुंपणापलीकडे कुणीही जायचं नाही. वर २५ हजार व्होल्टची तार आहे.

नदीत उतरू नका. पायाला जखम असेल तर मुळीच नाही. पुराचं पाणी आणि उंदरांपासून पसरणारा लेप्टोचा ताप या देशात होतो, आणि इथली नदी वर किती पाऊस झाला त्यानुसार अचानक वाढते.

१०. परतीच्या वाटेवर सायोंग

सायोंग हे कुआला कांगसार शहराच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. इथली काळी सुरई 'लाबू सायोंग' देशभर प्रसिद्ध आहे. आकार भोपळ्यासारखा, मान निमुळती, आणि पाणी थंड ठेवण्यासाठी वापर.

कारागिरांच्या शेडमध्ये थोडा वेळ द्या. आता बहुतेक ठिकाणी ओली माती साच्यात ओततात, पण नक्षी हातानेच काढतात. अर्धवट सुकलेल्या भांड्यावर बाई टोकदार काडीने नागमोडी रेघ मारते, भांडं मांडीवर फिरवते, आणि रेघ बरोबर सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळते. काळा रंग लावत नाहीत. भट्टीतून निघालेलं तापलेलं भांडं भाताच्या तुसात पुरतात, तूस धुमसतं आणि तो धूर मातीत मुरतो. तुसात न पुरलेली लाल भांडीही मांडलेली दिसतील. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

घ्यायचं असेल तर लहान घ्या. सायकलच्या बास्केटमध्ये मोठी सुरई फुटतेच. दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, पण सोबत एक टॉवेल आणलात तर जास्त बरं. सोबतची गाडी असेल तर तिच्यात ठेवा.

सायोंगहून शहरात यायला मोठा पूल आहे. दुपारी बाराच्या आत तो ओलांडलात तर तुमचं घड्याळ बरोबर चाललं आहे.

११. खाणं, आणि शाकाहारींची सोय

मांसाहारी असाल तर प्रश्नच नाही. सकाळी केळीच्या पानात बांधलेला नासी लमाक घ्या: नारळाच्या दुधातला भात, सुक्या बारीक माशांचा सांबाल (तिखट चटणी), शेंगदाणे, काकडी. दुपारी शहरात नदीकाठी 'लाक्सा कुआला कांगसार' खा. हाताने केलेल्या गव्हाच्या जाड शेवया आणि माशाचा हलका, आंबटसर रस्सा. नारळाच्या दाट लाक्सापेक्षा हा पोटाला हलका आणि उन्हातून आल्यावर अगदी योग्य.

शाकाहारींनी सावध राहायचं आहे. 'सायूर', म्हणजे भाजी, मागितली तरी तिच्यात बहुतेक वेळा बेलाचान पडतं, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची वडी. भाजीत मासा दिसत नाही म्हणून ती शाकाहारी असते असं नाही. 'ताक माउ इकान, ताक माउ उडांग, ताक माउ बेलाचान' (मासा नको, कोळंबी नको, बेलाचान नको) हे पाठ करून ठेवा. खात्रीची ठिकाणं म्हणजे शहरातली भारतीय हॉटेलं. तिथे इडली, डोसा, भात-सांबार मिळतो. रोटी चानाई सोबत डाळ मागा, पण डाळीत मटणाचा रस्सा मिसळलेला नाही ना, ते विचारून घ्या. गावातल्या टपरीवर केळ्याची भजी, शहाळं आणि काळा चहा निर्धास्त घ्या. जैन किंवा अंडंही न खाणाऱ्यांनी घरून दशम्या, ठेपले, चटणी आणलेली बरी.

स्वच्छतागृहाला 'तंडास' म्हणतात. पेट्रोल पंपांवर असतं. गावात मशिदीशेजारी असतं आणि विचारल्यावर वापरू देतात. तिथे चपला कुठे काढायच्या ते आधी बघा.

१२. दुपार आणि पुढचा दिवस

जेवण झाल्यावर सायकली जमा करा, अंघोळ करा, मगच उबुदिया मशीद बघायला जा. १९१७ साली पूर्ण झालेली ही सोनेरी घुमटांची मशीद आर्थर बेनिसन हबक यांनी आखली. क्वालालंपूरचं जुनं रेल्वे स्टेशनही त्यांचंच. बांधकाम चालू असताना दोन हत्ती झुंजले आणि इटलीहून आणलेला संगमरवर तुडवला गेला, तो पुन्हा मागवावा लागला. आत जायला अंगभर कपडे हवेत. नसतील तर झगा देतात.

गावात रबराचं एक जुनं झाड आहे, १८७७ साली इथे लावलेल्या पहिल्या रोपांपैकी उरलेलं. सायकली आणि मोटारींच्या टायरांनी पुढे या देशाचं अर्थकारण बदललं, ते अशा मोजक्या रोपांपासून. दिवसभर टायरवर फिरल्यानंतर ते बघायला जाणं मला महत्त्वाचं वाटतं.

एक दिवस जादा असेल तर ताइपिंगला जा. तिथून पोर्ट वेल्ड, आजचं कुआला सेपेतांग, सायकलने गाठता येतं. पहिल्या रेल्वेचे रूळ राहिले नाहीत, पण स्टेशनच्या नावाची पाटी जपली आहे. ताइपिंग हे द्वीपकल्पातलं सगळ्यांत पावसाळी शहर, तेव्हा रेनकोट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

या सहलीने गोडी लागली तर पुढची केलांतान राज्यातली करा. तिथे तानाह मेराहजवळ गिलमार्ड पूल आहे, देशातल्या लांब रेल्वे पुलांपैकी एक, १९२० च्या दशकातला. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजेला अडवण्यासाठी माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी तो उडवला आणि युद्धानंतर तो पुन्हा उभा केला. तीन गोष्टी तिथे वेगळ्या आहेत: सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, नोव्हेंबर ते जानेवारी पूर येतात म्हणून ते महिने वगळायचे, आणि त्या पुलावरून गाड्या अजून धावतात, त्यामुळे तो नदीकाठावरूनच बघायचा.